जुन्या संगणकातील ई-मेल स्वतःच्या मेल सर्व्हरवर नेण्याची रीत

नंदेसरी आणि आसपासच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली आपली मराठी कुटुंबे आता इथलीच झाली आहेत. मुले मात्र शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुढे गेली. कोणी पुण्याला आहे, कोणी बंगळुरूला, कोणी अमेरिकेत किंवा कॅनडात. त्यांची खुशाली आधी अंतर्देशीय पत्रांतून आणि एरोग्रॅममधून येई, नंतर ई-मेलने येऊ लागली. कागदी पत्रे ट्रंकेत जपून ठेवलेली आहेत. ई-मेल कुठे आहेत असे विचारले, की बहुतेक घरांत माळ्यावरच्या बंद संगणकाकडे बोट दाखवले जाते.

त्या संगणकातील मेल बाहेर काढून आपल्या ताब्यातील मेल सर्व्हरवर कसे ठेवावेत, याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र देत आहोत. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. बँकेत नोकरी केली, हिशेब जुळवण्याची सवय लागली, आणि एकदा चूक करून शिकलो. ती चूक आधीच सांगतो.

जुन्या संगणकातील मेल नव्या खात्यात नेताना आम्ही प्रत करण्याऐवजी थेट हलवायला सुरुवात केली. काम निम्म्यावर असताना वीज गेली. इनबॉक्सची फाइल अर्धवट लिहिली गेली आणि पुन्हा नीट उघडलीच नाही. दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने काही मेल परत मिळाले, बाकीचे गेले. गेलेल्यांत आमच्या थोरल्या बंधूंचे शेवटच्या दोन वर्षांतले मेल होते. दादा फोनवर कमी बोलत, मेलमध्ये जास्त लिहीत. त्या फाइलीची एक प्रत आधी पेनड्राइव्हवर घेतली असती तर ते आज आमच्याकडे असते. म्हणून या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही: हलवू नका, प्रत करा, मोजून जुळवा, आणि जुळल्यावरही मूळ फाइल पुसू नका.

मेल संगणकातच का राहिले

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएलमार्फत, आणि तेही आधी मोजक्या महानगरांत. त्या काळी टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून इंटरनेट घ्यावे लागे आणि कॉलचे मीटर चालू राही. त्यामुळे जोडणी करायची, मेल उतरवून घ्यायचे, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचे, अशी पद्धत पडली. सर्व्हरवरची जागाही तुटपुंजी असे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलवर सुरुवातीची काही वर्षे २ एमबी एवढीच जागा मिळे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ जीबी जागा देऊ केली तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती.

मेल उतरवण्याचा जो नियम तेव्हा सर्रास वापरात होता त्याला पॉप-३ म्हणतात. त्याची नेहमीची रीत अशी, की मेल आपल्या संगणकात उतरला की सर्व्हरवरून पुसला जाई. पोस्टमनने पत्र हातात दिल्यावर पोस्टाकडे त्याची नक्कल राहत नाही, तसाच हा प्रकार. दुसऱ्या नियमाला आयमॅप म्हणतात. त्यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि फोन, लॅपटॉप, मुलीचा टॅब, सगळीकडून तेच मेल दिसतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पॉप म्हणजे पैसे काढून घरच्या कपाटात ठेवणे, आणि आयमॅप म्हणजे पैसे खात्यात ठेवून कुठूनही पासबुक पाहणे. आपल्याला जे काम करायचे आहे ते कपाटातील रक्कम पुन्हा खात्यात भरण्याचे आहे.

मेल कोणत्या फाइलीत असतात

आधी आपण कोणता प्रोग्रॅम वापरत होतो ते आठवावे. आपल्या घरांत प्रामुख्याने चार आढळतात.

आउटलुक एक्सप्रेस: विंडोज ९८ आणि एक्सपीबरोबर येत असे. प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असते. ती कुठे आहे हे पाहण्यासाठी टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स असे जाऊन ‘स्टोअर फोल्डर’ हे बटण दाबावे. तिथे पूर्ण पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा. एका फाइलीची मर्यादा २ जीबी असते. त्या मर्यादेजवळ पोचलेली फाइल बिघडण्याची शक्यता अधिक.

आउटलुक: ऑफिसबरोबर येणारा हा वेगळा प्रोग्रॅम आहे. सगळे फोल्डर एकाच पीएसटी फाइलीत असतात. २००३ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या पीएसटीलाही २ जीबीचीच मर्यादा आहे.

थंडरबर्ड: प्रत्येक फोल्डरची एमबॉक्स पद्धतीची एक फाइल असते. तिच्या नावापुढे काही शेपूट नसते. शेजारी एमएसएफ नावाची छोटी फाइल दिसते. ती फक्त अनुक्रमणिका असते, त्यात मेल नसतात. फक्त तीच उचलून आणू नये.

युडोरा: ही फाइलही एमबॉक्सच्याच जातीची असते. पण यात अटॅचमेंट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली असतात. तो फोल्डर राहिला तर पत्र येते आणि फोटो मागे राहतात.

पहिले काम: मूळ फाइलींची प्रत

मेलचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करून मगच फाइलींची प्रत घ्यावी, कारण चालू प्रोग्रॅम फाइल अडवून ठेवतो. वरील फाइली पूर्ण फोल्डरसकट पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि दुसऱ्या संगणकावर आणखी एक प्रत ठेवावी. पुढचे सर्व काम प्रतीवर करावे.

जुना संगणक सुरूच होत नसेल तर निराश होऊ नये. बहुतेक वेळा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड गेलेला असतो आणि हार्ड डिस्क ठीक असते. ती काढून यूएसबी जोडणीच्या डबीत बसवली की नव्या लॅपटॉपला लावता येते. संगणक भंगारात द्यायचा झाला तरी डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नये. डिस्क खरखर किंवा टकटक असा आवाज करत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा सुरू करू नये. डेटा परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

काहींनी पूर्वी डीबीएक्स फाइली सीडीवर घेऊन ठेवल्या आहेत. सीडीवरून परत उतरवलेल्या फाइलींवर ‘रीड ओन्ली’ची खूण राहते आणि आउटलुक एक्सप्रेस त्या उघडत नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती खूण काढली की फाइल उघडते.

सर्व्हर कोणता घ्यावा

‘स्वतःचा मेल सर्व्हर’ म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिला प्रकार: स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन होस्टिंग कंपनीकडे पैसे भरून आयमॅपची मेलबॉक्स ठेवणे. देखभाल त्यांची, पत्ता आपला. मुले परदेशी असतील आणि त्यांनाही मेल पाहायचे असतील तर हा सोपा मार्ग. दरवर्षी नूतनीकरण चुकवू नये.

दुसरा प्रकार: घरात एक छोटा संगणक, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय, सतत चालू ठेवून त्यावर डव्हकॉट हा मोफत आयमॅप प्रोग्रॅम बसवणे. हा सर्व्हर फक्त जुने मेल जपून ठेवण्यासाठी. नवे मेल नेहमीच्या खात्यातच येत राहतात. आम्ही भाच्याच्या मदतीने हाच मार्ग घेतला. मेल मेमरी कार्डावर न ठेवता एसएसडीवर ठेवावेत, कारण सतत लिहिण्याने कार्ड लवकर झिजते. लहानसा यूपीएस जरूर लावावा.

तिसरा प्रकार: मेल घेणे आणि पाठवणे दोन्ही करणारा पूर्ण सर्व्हर घरी चालवणे. हे घरगुती कामासाठी आम्ही सुचवत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर मेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट बहुधा बंद असते, स्थिर आयपी पत्ता मिळत नाही, आणि अशा पत्त्यावरून गेलेले मेल मोठ्या कंपन्या स्पॅममध्ये टाकतात किंवा घेतच नाहीत.

डव्हकॉटमध्ये मेल ठेवण्याची मेलडिर नावाची पद्धत निवडावी. यात प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल होते. एमबॉक्समध्ये हजारो मेल एका फाइलीत असल्याने ती बिघडली तर सगळेच धोक्यात येतात. मेलडिरमध्ये नुकसान झाले तर एखाद्या मेलपुरते. फोल्डरच्या नावात टिंब किंवा तिरकी रेघ टाळावी, कारण त्यांचा अर्थ ‘पोटफोल्डर’ असा घेतला जाऊ शकतो. मराठी नावे दिली तरी चालतात.

प्रत्यक्ष स्थलांतर

१. नव्या संगणकावर थंडरबर्ड बसवावा आणि त्यात आपल्या सर्व्हरचे आयमॅप खाते जोडावे. डाव्या बाजूला ‘लोकल फोल्डर्स’ वेगळे दिसतात. ते याच संगणकातले, आणि आयमॅप खात्याखालचे फोल्डर सर्व्हरवरचे. हा फरक नीट ओळखावा.

२. जुने मेल आधी लोकल फोल्डर्समध्ये आणावेत. थंडरबर्ड किंवा युडोराच्या एमबॉक्स फाइली आणि सुटे ईएमएल मेल आणण्यासाठी ‘इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी’ हे जोडसाधन उपयोगी पडते.

३. आउटलुक एक्सप्रेस असेल आणि जुना संगणक चालू असेल, तर एकेक फोल्डर उघडून सर्व मेल निवडावेत आणि माउसने ओढून डेस्कटॉपवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावेत. प्रत्येक मेलची ईएमएल फाइल तयार होते. हे फोल्डर पेनड्राइव्हने नव्या संगणकावर आणावेत. प्रत्येक मूळ फोल्डरसाठी वेगळा फोल्डर करावा, नाहीतर आलेले आणि पाठवलेले मेल एकत्र मिसळतात.

४. पीएसटी फाइल असेल तर ज्या संगणकावर पारंपरिक आउटलुक आहे तिथे ती उघडावी, त्याच आउटलुकमध्ये आयमॅप खाते जोडावे आणि फोल्डरची प्रत तिथून थेट सर्व्हरवर करावी.

५. थंडरबर्डमध्ये मेल निवडून उजवी कळ दाबली की ‘मूव्ह टू’ आणि ‘कॉपी टू’ असे दोन पर्याय येतात. नेहमी ‘कॉपी टू’ घ्यावा. एका वेळी दोनशे ते तीनशे मेल न्यावेत. एकदम दहा हजार निवडले आणि मध्येच जोडणी तुटली, तर कुठपर्यंत काम झाले ते कळत नाही.

६. पाठवलेल्या मेलचा फोल्डर विसरू नये. मुलांचे मेल जपले आणि आपण त्यांना काय लिहिले ते हरवले, तर संवादाची एकच बाजू उरते.

एक्सपीवरचा आउटलुक एक्सप्रेस थेट आजच्या सर्व्हरला जोडण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. आजच्या सर्व्हरना हवी असलेली नवी सुरक्षा पद्धत एक्सपीला येत नाही, आणि त्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा आधारही ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहे. त्यामुळे ईएमएलचा वळसा घेणेच बरे. एक्सपीचा संगणक या कामासाठी इंटरनेटला जोडूच नये.

जुळणी

१९८४ च्या रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. तेव्हा यंत्र आले म्हणून हाताची खतावणी लगेच बंद झाली नाही. काही काळ दोन्हीकडे नोंदी होत, शिल्लक ताडून पाहिली जाई, आणि फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. मेललाही तीच शिस्त लावावी.

वहीत चार रकाने आखावेत: फोल्डरचे नाव, मूळ संख्या, सर्व्हरवरील संख्या, फरक. संख्या जुळली तरी प्रत्येक फोल्डरमधला सर्वांत जुना, सर्वांत नवा आणि मधला एखादा मेल उघडून पाहावा. मोठ्या अटॅचमेंटचे पाच-सहा मेल उघडून फोटो खरोखर दिसतो का ते तपासावे. मेलमध्ये अटॅचमेंटचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ३ एमबीचा फोटो जवळपास ४ एमबी जागा घेतो. त्यामुळे जागेच्या आकड्यात फरक दिसला तर घाबरू नये. संख्येत फरक दिसला तर मात्र शोधावा.

काही वेळा सगळ्या मेलना आजचीच तारीख लागलेली दिसते. ती सर्व्हरवर पोचल्याची तारीख असते. मेलच्या आतील मूळ दिनांक तसाच असतो. यादी ‘रिसीव्हड’ऐवजी ‘डेट’ या रकान्याने लावली की क्रम बरोबर येतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न

जुन्या मराठी मेलमध्ये तीन प्रकार आढळतात. पहिला, रोमन लिपीत लिहिलेली मराठी. तिला काही होत नाही. दुसरा, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये लिहिलेला मजकूर. तो फॉण्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर मात्र शाबूत असतो. तोच फॉण्ट बसवून किंवा परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून तो वाचता येतो. तिसरा, युनिकोड मजकूर चुकीच्या सांकेतिक पद्धतीने उघडला गेल्यामुळे दिसणारी, डोक्यावर चिन्हे असलेली लॅटिन अक्षरे. हाही बहुतेक वेळा दुरुस्त होतो. मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील तर ती अक्षरे कायमची गेलेली असतात. म्हणून वाचता येत नाही एवढ्या कारणाने कोणताही मेल पुसू नये.

व्हायरस आणि खासगी कागद

मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ व्हायरस मेलच्या अटॅचमेंटमधूनच जगभर पसरला. असे नग जुन्या इनबॉक्समध्ये अजून पडून असू शकतात. अनोळखी अटॅचमेंट उघडू नये. दुसऱ्या बाजूला, अँटिव्हायरसला एमबॉक्स फाइलीत एक जरी संशयास्पद मेल सापडला तरी तो कधी कधी पूर्ण इनबॉक्सची फाइलच उचलून बाजूला ठेवतो. आधी प्रत घेण्याचे हेही एक कारण आहे.

जुन्या मेलमध्ये पॅन कार्ड, पासपोर्ट, बँकेची पत्रे यांचे स्कॅन असतात. सर्व्हर मुलांना किंवा नातवंडांना दाखवायचा असेल तर असे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये काढावेत. घरचा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. बाहेरून पाहायची गरज असेल तर जाणकाराकडून व्हीपीएन बसवून घ्यावे. मदतीसाठी कोणी आले तर पासवर्ड आपण स्वतः टाकावा आणि काम संपल्यावर बदलावा.

प्रती आणि वारस

सर्व्हरवर मेल आले म्हणजे काम संपले नाही. तोही एक संगणकच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात घराघरांत शिरले ते आपण पाहिले आहे. एकूण तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी. मेलडिरच्या फाइलींच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबे असतात, आणि विंडोजसाठी तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ती नावे चालत नाहीत. म्हणून पूर्ण फोल्डरची एक गुंडाळलेली टार फाइल करून तीच पेनड्राइव्हवर ठेवावी.

मोफत वेबमेलची जुनी खातीही पाहून घ्यावीत. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल बंद करू शकते. अधूनमधून लॉगिन करावे.

खात्याला नॉमिनी लावा, असे आम्ही नोकरीभर लोकांना सांगत आलो. मेललाही तो हवा. डोमेनचे नाव, नूतनीकरणाची तारीख, सर्व्हरचा पासवर्ड आणि प्रती कुठे आहेत हे एका कागदावर लिहून पाकिटात बंद करावे, आणि पाकीट कुठे आहे ते घरातील एका व्यक्तीला सांगून ठेवावे.

शेवटी आपल्या बडोद्याचेच एक उदाहरण. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. निवृत्तीनंतर, वयाच्या पासष्टीत, त्यांनी पेशवे दप्तरातील कागद निवडून छापण्याचे काम हाती घेतले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड संपादित केले. ते कागद रुमालांत बांधून कोणीतरी शंभर-सव्वाशे वर्षे सांभाळले होते, म्हणून हे शक्य झाले. आपल्या मेलचे खंड कोणी छापणार नाही. पण परक्या गावी पहिल्या थंडीत मुलाने काय लिहिले होते, किंवा भावाने शेवटच्या दिवाळीला काय कळवले होते, हे पुढच्या पिढीने विचारले तर रुमाल सोडून दाखवता आला पाहिजे. या रविवारी निदान जुन्या फाइलींची एक प्रत तरी घ्यावी. बाकीचे काम सावकाश झाले तरी चालेल.